आधी गाडी थांबवा

चालत्या गाडीतून रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढू नका, असं मी आमच्या महिला मंडळात स्पष्ट बोलले, तेव्हा निम्म्या जणींनी मला जुन्या वळणाची ठरवलं आणि उरलेल्यांनी विचारलं, "अक्का, एवढं काय बिघडलं त्यात?" एवढं काय बिघडलं ते नीट सांगावं, म्हणून हा लेख.

मला फोटोचं वावडं नाही. मोबाईल माझ्याही पिशवीत असतो. बस्तीतल्या पंचकल्याणकाचे, नातवंडांचे, अंगणातल्या जास्वंदीचे फोटो मीही काढते. माझं भांडण एका ठरावीक सवयीशी आहे. ऐंशीच्या वेगानं पळणाऱ्या गाडीच्या काचेतनं अनोळखी माणसाचा, त्यातही बाईचा, फोटो घ्यायचा, तिला कळायच्या आत पुढं निघून जायचं, आणि घरी पोचल्यावर त्याला 'रस्त्यावरचं जीवन' असं नाव देऊन चार ग्रुपवर फिरवायचा. ही सवय आपल्या घरांत शिरली आहे, आपल्या लेकीसुनांत शिरली आहे, म्हणून आपणच तिच्याबद्दल बोललं पाहिजे.

आमच्या भागातला रस्ता डोळ्यापुढं आणा. कागल मागं पडलं की निपाणी, मग तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती, बेळगाव, आणि पुढं हलगा, हिरेबागेवाडी. पुण्याहून बेंगळुरूला जाणारा हा महामार्ग. एकेकाळी ही गावं रस्त्यापासून आत होती. आता शहरच पसरत रस्त्यावर आलंय. एका बाजूला गाड्यांच्या शोरूम, मंगल कार्यालयं, प्लॉट पाडल्याच्या पाट्या. दुसऱ्या बाजूला अजून ऊस उभा आहे, भाजीचे वाफे आहेत. या दोन्हींच्या मधनं बाया चालत असतात. डोक्यावर वैरणीचा भारा, कडेला पोर. तंबाखूच्या वखारीतनं सुटलेल्या, वडापची वाट बघणाऱ्या. छप्पर नसलेल्या थांब्यावर पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिलेल्या. हंगामात बैलगाडीवर उसाच्या मोळ्यांवर बसलेल्या. दुभाजकाच्या फटीतनं जीव मुठीत धरून पलीकडं जाणाऱ्या, कारण रस्ता रुंद करताना त्यांच्या शेताची वाट कुठनं जाणार हे कुणी धड विचारलंच नाही. गाडीतल्याला हा देखावा वाटतो. त्या बाईचा तो घरी जायचा रस्ता आहे.

मध्यंतरी एका संस्थेनं भरवलेलं फोटोंचं प्रदर्शन बघायला गेले होते. विषय होता प्रवासात टिपलेले क्षण. त्यातले बरेच फोटो गाडीतनं काढलेले होते आणि ते अभिमानानं लिहिलेलंही होतं. एका फोटोत पावसात भिजलेली बाई पदर पिळत होती. एकीत रस्त्याकडेच्या नळाखाली आंघोळ करणारे कामगार. एकीत झाडाच्या बुंध्याशी पाठमोरी बसलेली म्हातारी. खाली नावं काय, तर 'कष्ट', 'ओझं', 'निरागस'. माणसाचं नाव एकाही फोटोखाली नव्हतं. कसं असणार? कुणी विचारलंच नव्हतं.

आता थोडा हिशेब करूया. ताशी ऐंशी किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण बावीस मीटर. रस्त्याकडेला पाच मीटरवर उभी असलेली बाई साध्या कॅमेऱ्याच्या चौकटीत जेमतेम पाव सेकंद राहते. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात तिचा चेहरासुद्धा धड दिसत नाही, मग तिचे कष्ट, तिचं ओझं, तिचा निरागसपणा कुठनं दिसला? तो दिसलेला नसतो. घरी आल्यावर सोफ्यावर बसून तिच्यावर चिकटवलेला असतो. तो भारा तिच्या स्वतःच्या म्हशीसाठी असेल, म्हैस गाभण असेल, बाई मनातल्या मनात दुधाचा हिशेब करत खुशीत चालली असेल. तुम्ही तिला बिचारी करून टाकलंत. पाव सेकंदात एका जिवंत बाईचं एक विशेषण झालं.

आपल्याकडं अदत्तादान असा शब्द आहे. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. वस्तू मोठी का छोटी, मालकाला कळलं का नाही, यावर ते ठरत नाही. दिली होती का, एवढंच बघायचं. यावर आमच्यातल्या एका हुशार वहिनींनी मला लगेच अडवलं. म्हणाल्या, "श्रावकाला विहिरीचं पाणी न विचारता घ्यायची मुभा आहे की! रस्त्यावरचं दृश्य तसंच सगळ्यांचं." मुद्दा चांगला आहे. मुभा आहे, ती गृहस्थाला त्याशिवाय जगता येत नाही म्हणून आहे. वाटेनं जाताना माणसं दिसणारच, डोळे काय बांधून जायचं नाही. बघणं हे त्या पाण्यासारखं. पण त्या बाईचा चेहरा उचलून घरी आणणं, जपून ठेवणं, वाटणं, त्यावर बक्षीस मिळवणं, याशिवाय कुणाचं अडलंय? पाणी तहानेपुरतं घ्यायची मुभा आहे. विहीरच उचलून नेली तर तिला मुभा म्हणत नाहीत.

दुसरा शब्द ईर्यासमिती. मुनी, आर्यिका चालताना चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकतात, पायाखाली मुंगीही येऊ नये म्हणून. चालणं सावकाश, नजर सावध. मला वाटतं, बघण्याचाही हाच नियम असावा. ज्याला इजा होईल त्याच्याकडं आधी लक्ष, मग पाऊल. चालत्या गाडीतला कॅमेरा बरोबर उलटं करतो. आधी झडप, आणि लक्ष द्यायच्या वेळी गाडी दोन किलोमीटर पुढं.

विहाराचं बोलायचं तर हाच महामार्ग आपल्या साधूंच्या आणि माताजींच्याही वाटेत येतो. वाहन त्यांना वर्ज्य, म्हणून कडेनं चालत जातात. पुढं मागं श्रावक झेंडा घेऊन असतात. विहारात वाहनानं ठोकरल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो आणि हळहळतो. अशा वेळी शेजारनं जाणारी गाडी हळू होते, काच खाली येते, मोबाईल बाहेर येतो. परक्या माणसानं काढलेला दिगंबर मुनींचा तो फोटो पुढं कुठल्या ओळीखाली फिरतो, ते आपण बघितलंय. त्यागाची टिंगल होते आणि आपला समाज खवळून उठतो. निवेदनं निघतात, मोर्चे निघतात.

पण खरं सांगू? आपल्याच गाड्याही तेच करतात. दर्शनाच्या नावाखाली गाडी मुनीसंघाच्या बरोबरीनं चालवायची, मागं हॉर्न वाजत असताना एका हातानं स्टिअरिंग आणि एका हातानं चित्रीकरण. चालवताना हातात मोबाईल धरणं हा मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीपासून धोकादायक वाहन चालवण्यातच मोडतं, हे बाजूला ठेवा. ज्यांनी मुंगीला जपायचं व्रत घेतलंय त्यांच्या चार फुटांवरनं तुम्ही दीड टन लोखंड बेसावधपणे हाकताय! दर्शन घ्यायचं असेल तर गाडी बाजूला लावा, चपला काढा, दहा पावलं सोबत चाला.

आणि त्याहून बोचणारी गोष्ट ही. महाराजांचा फोटो कुणी न विचारता काढला की आपण धर्माचा अपमान म्हणतो. ऊसतोडीच्या बाईचा काढला की "किती छान आलाय" म्हणतो. दोघंही त्याच रस्त्यानं चालत होते, दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं. अहिंसा आपल्या माणसांपुरती राखून ठेवली की ती अहिंसा राहत नाही, नुसता जातीचा अभिमान उरतो. हे ऐकायला कडू लागेल, पण आपल्या बायकांनीच ते आपल्या पुरुषांना सांगायला पाहिजे.

"अशा फोटोनं कुणाचं काय वाकडं होतं?" या प्रश्नाला माझ्याकडं एक उत्तर आहे. आमच्या ओळखीतल्या एका घरातली मुलगी, एकोणीस वर्षांची, रोज महामार्गावरच्या थांब्यावरनं कॉलेजच्या बसला जायची. एके दिवशी पावसात वर्गातल्या मुलाच्या छत्रीखाली उभी राहिली. दोघं हसत होती. जाणाऱ्या गाडीतनं कुणीतरी फोटो घेतला. पावसाचे थेंब काचेवर, मागं ती दोघं. फोटो सुंदर आला होता, मी तो बघितलाय. खाली प्रेमाबिमाची ओळ. पाच दिवसांत तो फिरत फिरत तिच्या चुलत्याच्या मोबाईलवर आला. आठवड्यात कॉलेज बंद, आणि दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात. काढणाऱ्याला यातलं काहीही ठाऊक नाही. त्याला कदाचित शंभर अंगठे मिळाले असतील.

यात पहिला दोष घरच्यांचा, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आणि इथंही लिहिते. छत्रीखाली उभी राहिली म्हणून पोरीचं शिक्षण तोडणारं घर फोटो नसता तरी दुसरं निमित्त शोधणार. पण आपला समाज असा आहे, बाईच्या पायात तो कधी काय अडकवेल सांगता येत नाही, हे फोटो काढणाऱ्याला माहीत नसतं काय? तो याच समाजात राहतो की. गाडी वळणापलीकडं गेली की त्याच्यापुरता विषय संपतो. तिचा तिथनं सुरू होतो.

आता कलेची बाजू घेणारे येतात. म्हणतात, जगातले मोठमोठे छायाचित्रकार हेच करत आले. बरोबर आहे, पण त्यांनी काय केलं ते नीट बघा. अमेरिकेतले ली फ्रीडलँडर यांनी गाडीतनं काढलेल्या फोटोंचं 'अमेरिका बाय कार' हे पुस्तक २०१० साली आलं. त्यांच्या फोटोत गाडीचा दरवाजा, स्टिअरिंग, बाजूचा आरसा ठळक दिसतात. मी कुठं बसून बघतोय, माझ्या आणि जगाच्या मधे किती लोखंड आहे, हे ते लपवत नाहीत. अँड्र्यू बुश यांनी लॉस एंजेलिसच्या महामार्गांवर शेजारच्या गाडीतल्या चालकांचे फोटो घेतले. विचारलं त्यांनीही नाही, म्हणून ते मला पूर्ण पटत नाहीत. पण निदान तिथं गाडीसमोर गाडी होती, वेगासमोर वेग होता. वाटलं तर समोरचा काच खाली करून चार शब्द सुनावू शकत होता. आपल्या महामार्गावर गाडीसमोर अनवाणी पाय असतात. उसाच्या मोळीवर बसलेली बाई कुणाचा पाठलाग करणार? त्या मोठ्यांचं नाव घेऊन आपला आळस झाकू नका.

आणखी एक उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते एका बाईचं आहे. डोरोथिया लँग. १९३६चा मार्च महिना, कॅलिफोर्निया. सरकारी काम संपवून त्या एकट्या गाडीनं घरी चालल्या होत्या. पाऊस होता. निपोमो गावाजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली आणि त्या पुढं निघून गेल्या. सुमारे वीस मैल गेल्यावर त्यांनी गाडी वळवली. परत आल्या, उतरल्या, पालात बसलेल्या एका आईजवळ चालत गेल्या. तिथं काढलेला मुलांसकट त्या आईचा फोटो जगभर पोचला. तो महान आहे यात वाद नाही. महान झाला कारण गाडी परत फिरली.

पण गोष्ट इथं संपत नाही. लँग उतरल्या, बोलल्या, तरी त्यांनी तिचं नाव विचारलं नाही. ती बाई चाळीसेक वर्षं जगाला बिननावाची राहिली. १९७८ साली तिचा पत्ता लागला. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन तिचं नाव. ती म्हणाली, तो फोटो काढला नसता तर बरं झालं असतं. नाव विचारलं नाही, त्यातनं एक पैसा मिळाला नाही, ही तिची तक्रार होती. म्हणजे गाडी थांबवून, जवळ जाऊन, चांगल्या हेतूनं फोटो काढणाऱ्या एवढ्या मोठ्या बाईकडनंही एवढं राहून गेलं. मग जे थांबतच नाहीत त्यांच्याकडनं किती राहून जात असेल?

कायद्याचं म्हणाल तर कायदा तुम्हाला फार अडवणार नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ खाजगी स्थितीतल्या बाईला चोरून बघण्यासाठी, तिचं चित्र काढण्यासाठी शिक्षा सांगतं. पण उघड्या रस्त्यानं चाललेल्या बाईचा फोटो काढला एवढ्यानं गुन्हा होत नाही. म्हणून काय ते बरोबर ठरतं? कायदा ही सगळ्यात खालची पायरी. व्रत तिच्या वर सुरू होतं. गंमत बघा, २०२२च्या जुलैत गूगलचं स्ट्रीट व्ह्यू आपल्या देशातल्या दहा शहरांत सुरू झालं. त्यात पुणे, नाशिक आहेत, आपल्या पुष्कळ वाचक भगिनींचं हैदराबाद आणि वडोदरा आहे. रस्त्यांचे फोटो घेत जाणाऱ्या त्या गाडीच्या फोटोतसुद्धा माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर आपोआप धूसर केले जातात. यंत्राला जी रीत पाळायला लावली ती आपल्या शिकल्या-सवरल्या बोटांना जड जाते!

आता सगळ्यात अवघड आक्षेप. तो एका तरुण मुलीनं घेतला, आणि त्याला मी मनापासून मान देते. ती म्हणाली, "मावशी, मुलगा गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यात कुठंही उभा राहू शकतो. मी उभी राहिले तर पाच मिनिटांत चार जण गोळा होतात. माझ्यासाठी गाडी हीच एक सुरक्षित जागा आहे. तीही काढून घेता काय?"

पिढ्यान् पिढ्या आपल्याला सांगितलं गेलं, नजर खाली ठेव. खिडकीच्या फटीतनं बघ, जाळीतनं बघ, पडद्याआडनं बघ. बाईनं उघड्या डोळ्यांनी जग बघावं, त्याची चित्रं काढावीत, हे मला हवंच आहे. पण पोरी, विचार कर. गाडीची काच हीसुद्धा तीच जाळी आहे. आतनं तू बघतेस, बाहेरनं तुला कुणी बघत नाही, आणि तुझा पाय जमिनीला लागत नाही. त्यानं तुझी भीती जात नाही, फक्त झाकली जाते. आणि बाहेर जी उभी आहे तीही बाईच. रस्त्यावर उभं राहायला तुला भीती वाटते, त्याच रस्त्यावर ती रोज दोन तास उभी असते, काचेशिवाय. तुझी सुरक्षितता तिच्या उघडेपणावर उभी राहू नये. एकटीला उतरायला भीती वाटत असेल तर दोघी जा, चौघी जा. दिवसाउजेडी जा. आपल्या मंडळाच्या सहली निघतात, तशी एक सहल याच कामासाठी काढूया. मीही येईन.

म्हणून माझं सांगणं असं. गाडीतनं डोंगर काढा, ढग काढा, तवंदीच्या घाटातलं धुकं काढा. जाहिरातींच्या पाट्या काढा, शेताच्या छातीवर रोवलेले प्लॉटचे दगड काढा, हलग्याला दिमाखात उभं असलेलं सुवर्णसौध आणि त्याच्या आसपास अजून नांगरली जाणारी जमीन काढा. त्यात सांगण्यासारखं खूप आहे. अर्थात चालवणारीनं नव्हे, शेजारी बसलेलीनं. माणूस लांब असेल, ओळखू येत नसेल तर हरकत नाही. पण ज्याला त्याचे घरचे ओळखतील असा माणूस चौकटीत आला की बोट मागं घ्या.

तोच माणूस मनात घर करून राहिला असेल तर सेवा रस्त्याला लागा आणि गाडी थांबवा. उतरा. "काय मावशी, कुठं निघालात?" असं विचारा. आपलं नाव सांगा, तिचं विचारा. फोटो काढू का म्हणा. ती नको म्हणाली तर हसून परत फिरा. हो म्हणाली तर काढा, तिला दाखवा, तिला आवडला नाही तर तिच्यासमोर पुसा. बाहेर कुठं दाखवणार असाल तर तेही तिला सांगा. प्रत काढून पुढच्या खेपेला नेऊन द्या. त्या वाटेवर ती रोज असते, सापडेल.

कुणी म्हणेल, विचारल्यावर सहजपणा जातो, माणूस सावरून उभा राहतो. राहू दे की! सावरून उभं राहणं हा तिचा हक्क आहे. आपण लग्नात फोटो काढताना पदर नीट करत नाही काय? केसावरनं हात फिरवत नाही काय? आपल्याला नीट दिसायचं असतं, आणि तिला मात्र विस्कटलेलंच दिसलं पाहिजे, हा कुठला न्याय?

ग्रुपवर असा फोटो आला तर पुढं पाठवू नका. काढणारीला एकच प्रश्न विचारा, "हिचं नाव काय?" उत्तर आलं नाही तर पुसायला सांगा. राग येईल तिला, येऊ दे. दशलक्षणात दहा दिवस आपण उत्तम शौच, उत्तम सत्य ऐकतो आणि शेवटी सगळ्या जीवांची क्षमा मागतो. ज्या जीवांची नावंसुद्धा विचारली नाहीत, त्यांची क्षमा कोणत्या पत्त्यावर पाठवायची, ते ज्याचं त्यानं ठरवावं.